धोक्याचा रकाना

...अहो, रकाना होता इवलासा! 'व्यवसायातील संभाव्य धोके', आणि खाली दोन रेघा. आता तुम्हीच सांगा, ज्या माणसानं सरकारी धोरण आणि आशियाचा विकास यावर तीनशे पानांचा प्रबंध लिहिला, त्याला दोन रेघा पुरतील? मी पुरवणी जोडली. अकरा पानं! माझंच चुकलं असेल म्हणा...

तुम्हाला सांगतो, मला हौस नव्हती. आमच्या दिंद्रुडच्या बायनाबाईंच्या बचत गटाला डाळ मिल टाकायची, अनुदान सरकारचं, कर्ज बँकेचं, अर्जाला उरलेले दिवस चार. बाई म्हणाल्या, "सर, तुमी कालेजात कोरिया-जपान शिकवलं, आमचा एवढा अर्ज न्हाई का व्हायचा?" झालं! बसलो. कोरियाच्या सरकारनं स्वस्त कर्ज देऊन कारखाने कसे उभे केले ते लिहिलं, मग वाटलं हे एकतर्फी होतंय, म्हणून उद्या तुरीच्या आयातीवरचं शुल्क उठलं तर काय, व्याज वाढलं तर काय, अनुदान रखडलं तर काय, हेही लिहिलं, आणि सत्त्याण्णव साली थायलंडचं चलन कोसळलं त्याचा आलेख... हो, जोडला! प्रामाणिकपणा नको?

बँकेच्या साहेबांनी आम्हा सगळ्यांना माजलगावला बोलावलं. अर्ज चिमटीत धरून म्हणतात, "सर, हे वाचल्यापासून मला माझ्याच नोकरीची धास्ती बसलीय. मंजूर कसा करू?" गटातल्या दहाही बायका वळून माझ्याकडे बघताहेत... माझंच चुकलं असेल म्हणा, पण तळटिपा अचूक होत्या हो!

तेवढ्यात बायनाबाई खुर्ची पुढं ओढून म्हणाल्या, "साहेब, सरांनी लिहिलंय ते खरंच असंल. पर आमची तूर लातूरला जाती, अन् तिचीच डाळ आमी दुकानातून इकत आणतो. ह्याच्याहून मोठा धोका कंचा, तेवढं सांगा."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. कच्चा माल बाहेर धाडून पक्का विकत आणू नये, तीनशे पानं मी दुसरं काय सांगत होतो? कोरियानं तरी दुसरं काय केलं? माझंच चुकलं असेल म्हणा, मी ते सांगायला बँकॉकवरून गेलो!

साहेबांनी पुरवणी सोडवून मला परत दिली, उरलेला अर्ज मंजूर. दसऱ्याला मिल सुरू झाली, झकास चाललीय. गटानं रीतसर ठराव करून मला सल्लागार नेमलंय, शाल दिली, चहाचा मान दिला. अट एकच, बायनाबाईंनी सभेत वाचून दाखवली: "सरांनी सल्ला द्यायचा न्हाई."

तुम्हाला सांगतो, आशियातल्या बावीस देशांची धोरणं अभ्यासली मी, इतकं स्पष्ट धोरण एकाचंही नव्हतं... आणि त्रास हाच, की मला ते पटलंय.