उलट्या माणसाचा चेहरा

(बोलोन्या शहर. खेळायचे चित्रांचे टॅरो पत्ते लाकडी ठोकळ्यांनी छापायचा कारखाना. दोऱ्यांवर ओले कागद वाळताहेत. कार्निव्हलचा चौथा दिवस.)

ताद्देआ : आधी हे सांगा भाऊजी, तुमचा धाकटा भाऊ, माझा नवरा, पोपच्या गलबतावर शिक्षेची वल्ही मारत मेला, त्यात नोटरी लात्तान्झिओच्या पदरात काय पडलं?

पेत्रोनिओ : मी विचारतोय काय, तू बोलतेस काय! चार दिवस झाले, ज्या खानावळीत शिरतो तिथे माणसं पत्ते तोंडाशी धरून खिदळतात. काल तर वाढणारी पोरगीसुद्धा हसली.

ताद्देआ : तिथेच येतेय. लात्तान्झिओला नवं घर मिळालं नाही, नवी टोपीसुद्धा नाही. तुम्हाला मात्र कारखाना मिळाला. आन्निबालेनं कोरलेले सगळे ठोकळे मिळाले, दारावरची पाटी मिळाली. शिवाय मी, फुकटात कोरणारी.

पेत्रोनिओ : विधवा भावजयीला आसरा दिला, तो गुन्हा झाला का? गावावर पोपचा अंमल चालवणाऱ्या कार्डिनलसाहेबांची टिंगल करणारा कागद आन्निबालेनं छापला ही चुगली त्या नोटरीनं केली, हे तुला सांगितलं कुणी? मीच ना? त्याचं तोंड पत्त्यावर चढव, असंही मीच म्हणालो.

ताद्देआ : तुम्ही सैतानाच्या पत्त्यावर चढव म्हणाला होतात.

पेत्रोनिओ : शिंगं शोभली असती मेल्याला.

ताद्देआ : सैतान कशाला? तो बिचारा केसानं कुणाचा गळा कापत नाही, त्याचा धंदा उघड आहे. मरणाचा पत्ता म्हणाल, तर मरण पोपलाही येतं, त्यात कसली नामुष्की? मनोऱ्याच्या पत्त्यावर वीज पडते, तिला लोक देवाची करणी म्हणतात. मूर्खाच्या पत्त्याची तर दयाच येते. आपल्या गावात गद्दाराचा पत्ता एकच, एका पायाला दोरी बांधून उलटा टांगलेला. पूर्वी पळून गेलेल्या गद्दारांना कचेरीच्या भिंतीवर असंच रंगवायचे, ओळखू येईल अशा तोंडासकट.

पेत्रोनिओ : बरं, टांगलंस ना त्याला? मग लोक मला का हसतात?

ताद्देआ : कागद तुम्हीच छापलेत ना?

पेत्रोनिओ : एकूण एक. शाई या हातांनी लावली.

ताद्देआ : मग चेहरा बघितला असेल.

पेत्रोनिओ : चेहरा कोण बघतं? शाई सारखी बसली का, कड तुटली का, एवढं बघायचं आणि दोरीवर टाकायचं. चाळीस वर्षं तेच करतोय.

ताद्देआ : ठाऊक होतं मला. त्या भरवशावरच कोरलं. पण खानावळीत उलटा माणूस हातात आला की लोक पत्ता फिरवतात. हा घ्या. फिरवा. पाय नव्हे, डोकं वर करा.

पेत्रोनिओ : थांब, उजेडात धरू दे.

ताद्देआ : नाक जरा लांब झालंय. नाशपातीच्या लाकडात बाक नीट येत नाही.

पेत्रोनिओ : ही चामखीळ... ताद्देआ, हा मी आहे!

ताद्देआ : ओळखलंत. गावानं चार दिवस आधी ओळखलं.

पेत्रोनिओ : खाल्ल्या घरचे वासे मोजणारी बाई! त्या नोटरीनंच कान भरले तुझे!

ताद्देआ : तुम्हीच पाठवलंत त्याला. पेल्यामागून पेला रिचवत फुशारकी मारलीत ना, नोटरी आता आमच्या पत्त्यावर लटकणार म्हणून? तो घाबरून धावतच आला. म्हणाला, बाई, मी नुसती लेखणी, जीभ दुसऱ्याची. जबानीचा कागदच दाखवला. तुम्हाला सही येत नाही, म्हणून खाली कारखान्याचा शिक्का उमटवलात. तोही माझ्या नवऱ्यानं कोरलेला.

पेत्रोनिओ : मला वाटलं, दंड करतील. फार तर महिनाभर कोठडी. गलबतावर धाडतील असं स्वप्नातही नव्हतं गं, आईशप्पथ!

ताद्देआ : त्यानं चौदा महिने साखळदंडात वल्ही मारली. तुम्ही चौदा महिने त्याच्या खुर्चीत बसलात.

पेत्रोनिओ : तो ठोकळा आत्ता फोडतो मी!

ताद्देआ : फोडा की. हातोडा तिथे टेकवून ठेवलाय. पत्त्यांचे जोड गावभर गेले, फेरारालाही पोचले असतील. जिंकणारा तुम्हाला मेजावर आपटेल, हरणारा तुमच्यावर थुंकेल. पत्ता झिजेपर्यंत टांगलेले राहा.

पेत्रोनिओ : गार झालं काळीज?

ताद्देआ : झालं. खोटं कशाला बोलू? चौदा महिन्यांनी आज भाकरीला चव लागली.

पेत्रोनिओ : मग हेही ऐकून ठेव. फ्योराच्या साखरपुड्याची अंगठी सकाळी परत आली.

ताद्देआ : आपल्या फ्योराची?

पेत्रोनिओ : माझ्या लेकीची, जिला आई गेल्यापासून तूच न्हाऊ-माखू घातलंस तिची. ईस्टरनंतर लग्न होतं. व्याह्यानं निरोप धाडला, गद्दाराच्या घरची मुलगी नको. मला वाटलं, आन्निबालेच्या शिक्षेवरून बोलतोय. आत्ता कळलं, रोज पत्ते कुटणारा माणूस तो.

ताद्देआ : तिला सांगितलंत?

पेत्रोनिओ : काय सांगणार? मलाच कुठे ठाऊक होतं? वर बसलीय. सारखी म्हणते, काकू आली की वर पाठवा, तिला विचारते माझं काय चुकलं.

(ताद्देआ जिन्याकडे वळते, पहिल्या पायरीवरच थांबते.)

पेत्रोनिओ : आता का थांबलीस? कुणाच्या पदरात काय पडलं ते मघाशी घडाघडा सांगत होतीस. फेडलं कुणी, तेही सांग.

ताद्देआ : आन्निबालेनं फेडलं. तुम्ही फेडताय. फ्योराला मी हिशेबात धरलंच नव्हतं.