बिनफेसाची बाटली

(बंजारा तांड्यातलं अंगण. नांदेडहून आलेली निलम आईचं, नानीबाईचं, डोकं धुतेय.)

नानीबाई : फेस कुठंय गं? नुस्तं बुळबुळून राहिलं.

निलम : याला फेस कमीच येतो, याडी. मान खाली कर.

नानीबाई : मंग मळ कसा निघंल? दुकानदारानं पानी घातलं असंल.

निलम : दुकानदार कुठला? आमच्या शाम्पूच्या कारखान्यातली बाटली आहे. मी स्वतः तपासलेली. यात जे सर्फॅक्टंट घातलंय ना...

नानीबाई : सरपंच? तो काहून आला मधी?

निलम : सर्फॅक्टंट. ते तेलाला पाण्यात मिसळवतं, मळ त्याच्याबरोबर वाहून जातो. हे सौम्य आहे. लेकराच्या डोळ्यात गेलं तरी झोंबत न्हाई.

नानीबाई : मी काय लेकरू हाय? झोंबलं म्हंजे धुतलं.

निलम : जन्मभर हेच ऐकलंय. थांब. हे काय डोक्यात? सगळं लाल झालंय, खपल्या धरल्यात.

नानीबाई : सोयाबीन काढताना ऊन लागलं.

निलम : पदराखाली? मागं दिलेली बाटली कुठंय?

नानीबाई : सरली.

निलम : इतक्यात? कुणाला दिलीस?

नानीबाई : म्हशीला न्हाऊ घातलं. झालं का समाधान? भेटाया आली का तपासाया?

निलम : खरं सांग. कपड्याची पावडर लावतेस ना डोक्याला?

नानीबाई : न्हाई म्हनलं न. नांदेडला ऱ्हाऊन लई वकिली शिकली. पानी वत, थंडी वाजून राहिली.

निलम : पुढच्या वेळी हे डोकं असंच दिसलं तर मी काही आणणार न्हाई.

नानीबाई : नको आनू. ये नुस्ती.

(दुसऱ्या दिवशी दुपारी. तेच अंगण. नानीबाईचा देह फळीवर ठेवलाय. निलमचा धाकटा भाऊ कुलदीप बादली घेऊन उभा आहे.)

कुलदीप : चहा ठेवला अन् चुलीपाशीच कलंडली. म्या हाक मारली तर...

निलम : किती वेळा सांगशील? पाणी आण इकडं. केस मी धुणार.

कुलदीप : बाया म्हनतात, सुनेनं न्हाऊ घालावं. तू दुसऱ्या घरची झाली.

निलम : त्यांना म्हणावं, इथं येऊन माझ्या तोंडावर बोला. आणि ही कपड्याची वडी कुणी ठेवली?

कुलदीप : घरात हेच हाय. आता तिला काय झोंबतंय?

निलम : उचल. उचल म्हटलं ना. माझी बाटली दे.

कुलदीप : ही घे. कणगीमागं होती.

निलम : ही तर मागची. सरली म्हणाली होती. हा एवढा फेस कसा येतोय? पावडरीचा वास आहे याला. काय घातलंय यात?

कुलदीप : माझ्यावर काहून ओरडून राहिली? तिनंच घातलं.

निलम : आणि तू बघत बसलास. डोकं सोलून निघालं तिचं.

कुलदीप : ऐकते का ती? तांड्यातल्या बायांना बाटली दाखवली, माझ्या पोरीनं बनवली म्हनून. मोतीबाई हसली. एवढी शिकली अन् फेस बी काढता येईना, म्हने. मंग याडीनं पावडर कालवली अन् सगळ्यांम्होरं डोकं धुतलं. हे पहा फेस, म्हनली. तवापासून दर आइतवारी.

निलम : दर रविवारी?

कुलदीप : व्हय. डोळे लालबुंद. तरी हसत बसायची.

निलम : ही फेकून दे. कालची आण, बिनफेसाची.

कुलदीप : घे. ताई, बाया थांबल्यात...

निलम : थांबू दे. तू पण जा.

(कुलदीप जातो. निलम आईचे केस धुऊ लागते.)

निलम : मोतीबाईला दाखवायचं होतं? तिच्यासाठी कातडी जाळून घेतलीस? माझ्याशी खोटं बोललीस, म्हैस काढलीस मधे. फेसच पाहिजे होता तर मला म्हणायचंस, फेसाचं आणलं असतं. पण तू कधी मागणार न्हाई. शाळेत धाडताना धुण्याच्या सोड्यानं माझी मान घासायचीस, तांड्यातली म्हणून कुणी नाक मुरडू नये. मी हूं की चूं केलं न्हाई. तुला वाटलं, पोरीला लागतच न्हाई.

झोंबायचं गं, याडी. दर वेळी झोंबायचं.