तर्जनी दूर ठेवा

बायको: नवरोबा, पुन्हा शोधलंस? सकाळपासून तेरा वेळा झालं. यंत्राला तुझी दया येणार आहे का?

भाचा: सर्चमध्ये आपली वेबसाइट नवव्या पानावर गेलीय. परवापर्यंत शिलाई मशीन दुरुस्ती म्हटलं की सगळ्यात वर आपणच. आज जुनी मशिनं उचलणारे भंगारवालेही आपल्या वर बसलेत. असंच राहिलं तर महिनाभरात दुकानात चिटपाखरू फिरकणार नाही.

बायको: त्या तुमच्या वेबसाइटवाल्यांच्या ग्रुपवर काय म्हणतायत?

भाचा: तूच वाच. माझ्यात दम नाही.

बायको: मत्स्यालयवाला म्हणतोय, सर्च इंजिननं आतली अख्खी यंत्रणाच नवी बसवली, आपण संपलो. पाळणाघरवाली म्हणते, कोणी कशाला हात लावू नका, पंधरा दिवसांत आपोआप बसेल. कुलूपवाल्यानं घाबरून निम्मी पानं पुसून टाकली, आणि आता विचारतोय, परत कशी आणायची!

भाचा: हसू नकोस गं.

बायको: मग रडू? बरं, हा एक शहाणा दिसतोय. म्हणतो, मूळ कुठलं आणि नक्कल कुठली ते आता नीट कळतं, म्हणून उचलेगिरी करणारे खाली गेले. म्हणजे आपला प्रश्नच नाही. तू तर सगळं स्वतः लिहिलंस.

भाचा: हं.

बायको: हं काय? तक्रार कर की. मी मजकूर सांगते. आणि आपल्या जागी वर कोण चढून बसलंय, ते तरी पाहिलंस का?

भाचा: पाहिलं.

बायको: कोण?

भाचा: दारात कोण आलंय ते बघ आधी.

(मामा दुकानाचं दार खांद्यानं ढकलून आत येतात. एका हातात फोन, दुसऱ्या हातात चष्मा.)

मामा: सूनबाई, पाणीबिणी नंतर. आधी हे बघ. चाळीस पत्रं! बारा वर्षं माझ्या त्या पिवळ्या अक्षरांच्या वेबसाइटवर मीच जायचो नि मीच परत यायचो. आज माणसांची रीघ लागलीय. मी ताईला फोन करून सांगितलं, तुझ्या लेकानंच काहीतरी कळ फिरवून मला वर काढलं.

भाचा: मामा, मी काही केलेलं नाही.

मामा: असू दे, असू दे. लाजतोस काय?

बायको: बघू तरी काय लिहिलंयत. "खालचा दोरा गुंतला तर घाबरू नका, मशीन तुमच्यावर रागावलेलं नाही. बॉबिनची डबी अंगठ्यानं आणि मधल्या बोटानं धरा. तर्जनी दूर ठेवा." अरे, हे तर तुझं पान! शब्दन् शब्द.

मामा: हो, त्याचंही तसंच आहे.

बायको: तसंच म्हणजे? मामा, तुमच्या पानावर तारीख बारा वर्षांपूर्वीची आहे. तेव्हा हा विमा विकत होता. मशीनचं झाकण कुठून उघडतं, तेही याला ठाऊक नव्हतं.

भाचा: मी उचललं. तेवीसच्या तेवीस पानं. त्यांनी 'मी' लिहिलं होतं तिथं 'मी'च ठेवलं.

बायको: सुट्टीच्या दिवशी दार लावून बसायचास. मी पोरांना दटावून गप्प करायचे, बाबा लिहितायत म्हणून.

भाचा: माहीत आहे.

बायको: माझ्या मैत्रिणींना वाचून दाखवायचे रे मी!

भाचा: लोक विचारायचे, तर्जनी का दूर ठेवायची. मी उत्तर द्यायचो, बोटाच्या घामानं गंज चढतो.

मामा: घामानं? वा! मला नसतं सुचलं.

भाचा: मामा, हसू नका. शिव्या घाला. तेवढं तरी करा.

मामा: शिव्या कशाला? सकाळी एकानं मलाही विचारलं, दोन्हीकडे मजकूर सारखा, चोर कोण? मी कळवून टाकलं, तो माझा भाचा आहे, मीच त्याला दिलंय.

भाचा: कधी दिलंत?

मामा: मागितलं असतंस तर दिलं असतं. दिल्यासारखंच की.

भाचा: म्हणजे तुम्हाला माहीत होतं.

मामा: तुझं पहिलं पान आलं त्याच आठवड्यात. म्हटलं, येईल कधीतरी, बोलेल. मग म्हटलं, राहू दे, पोराचं दुकान चाललंय.

भाचा: आणि वर मलाच श्रेय द्यायला आलात. मला मान वर करवत नाही हो. पुन्हा तुम्हीच पांघरूण घातलंत.

बायको: पुन्हा म्हणजे?

मामा: काही नाही गं.

भाचा: आहे. त्यांचं ते ताठ बोट. मी सात वर्षांचा होतो. मामा सुईखाली हात घालून गुंतलेला दोरा काढत होते आणि मी गंमत म्हणून पायडल दाबलं. सुई तर्जनीतून आरपार गेली.

मामा: मशीनच उधळं होतं. जरा पाय लागला की पळायचं.

भाचा: आईला यांनी सांगितलं, माझाच पाय पडला. तिला आजही तेच माहीत आहे. आणि मी काय केलं? ज्या बोटाचं वाटोळं केलं, त्या बोटानं शिकवलेलं स्वतःच्या नावावर खपवलं. वर घामाची गोष्ट रचली.

बायको: काय टाइप करतोयस आता? मोठ्यानं वाच.

भाचा: "इथली तेवीस पानं माझ्या मामांनी लिहिलेली आहेत. मी त्यांना न विचारता घेतली. तर्जनी दूर ठेवा असं ते सांगतात, कारण त्यांची तर्जनी सुईखाली होती तेव्हा पायडलवर माझा पाय होता."

मामा: गिऱ्हाईक तुटेल रे.

भाचा: तुटू दे.

बायको: घामाचंही लिही.

भाचा: लिहिलं. टाकू?

मामा: थांब. आधी तुझ्या आईला फोन कर. तिला हे वेबसाइटवर वाचायला लागू नये.