यादीत नसलेल्या चार तोफा

पेनरोज : ...हसू नकोस, क्लॅरी. चाळीस वर्षं सिडनीत बसून जहाजं आखतोय, पण कागदापेक्षा सरस निघालेली विनाशिका ही पहिलीच. ‘वरिंडा’ कलवली की हट्टाने सरळ होते. युद्धात तिच्या डोक्यावर एवढा पसारा चढवला, तरीही!

क्लॅरी : त्यासाठीच आलोय, साहेब.

पेनरोज : अपेंडिक्सचे टाके ओले असताना? बस, चहा घे. जहाज समुद्रात आणि त्याच्या तोफखान्याचा मुकादम किनाऱ्यावर. करमत नसेल तुला.

क्लॅरी : त्या चाचणीच्या दिवशी तुम्ही आम्हा सगळ्यांना खाली उतरवलंत.

पेनरोज : उतरवावंच लागतं. लोखंडी ठोकळे या काठावरून त्या काठाला सरकवायचे आणि जहाज किती कललं ते ओळंब्यावर मोजायचं. मध्येच कुणी शिंकायला जरी उठलं तरी मोजमाप चुकतं.

क्लॅरी : आम्ही रिकाम्या हातांनी नव्हतो उतरलो.

पेनरोज : म्हणजे?

क्लॅरी : चार विमानविरोधी तोफा बरोबर उतरवल्या. लाकडाच्या वखारीत, ताडपत्रीखाली ठेवल्या. तुम्ही आकडे घेऊन जेवायला गेलात आणि आम्ही त्या परत चढवल्या.

पेनरोज : कुठल्या तोफा? माझ्या यादीत नाहीत!

क्लॅरी : कुणाच्याच यादीत नाहीत. उत्तरेच्या बेटांवर अमेरिकन खलाशी बिअरसाठी तळमळत असतात. आम्ही पेट्या दिल्या, त्यांनी तोफा दिल्या. आमच्याकडे बरीच जहाजं हेच करतात. गोदीवाल्यांना दिसल्या तर जप्त होतात, म्हणून लपवायच्या.

पेनरोज : गाढवांनो! वजन किती?

क्लॅरी : गोळ्यांसकट एकेक अडीच टन.

पेनरोज : बसवल्यात कुठे?

क्लॅरी : दोन कप्तानाच्या मचाणाशेजारी. दोन धुराड्यामागे, उंचावर.

(पेनरोज जहाजाचा आराखडा उलगडून आकडेमोड करतो. चहा तसाच राहतो.)

क्लॅरी : बोला ना, साहेब.

पेनरोज : टाक्या भरलेल्या आहेत तोवर तरेल. तेल तळाशी असतं, तेच तिला धरून ठेवतं. टाक्या रिकाम्या होत आल्या आणि वादळात सापडली, तर ती कलेल आणि सरळ व्हायचीच नाही.

क्लॅरी : रिकाम्या टाक्यांत समुद्राचं पाणी भरतात की.

पेनरोज : भरतात. पण नवं तेल घ्यायच्या आधी ते उपसायला तासन्‌तास जातात, म्हणून प्रत्येक इंजिनिअर टाळाटाळ करतो. त्यातून ‘वरिंडा’वर माझा कागद आहे, पाण्याची गरज नाही म्हणून. माझ्या सहीचा!

क्लॅरी : सकाळी बंदरात ऐकलं, जहाज आहे तिकडे वादळ उठतंय. म्हणून तर टाके सांभाळत आलो.

पेनरोज : मग आधी तार करू. तू लिहून दे, तोफा किती, कुठे, वजन काय. खाली सही कर. नुसत्या माझ्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवणार? माझेच आकडे मला खोटं पाडतील.

क्लॅरी : तोफा समुद्रात ढकला म्हणून सांगाल.

पेनरोज : सांगावंच लागेल.

क्लॅरी : मागच्या वेळी विमान डावीकडून आलं. तिकडे आमची एकही तोफ नव्हती. अकरा जण गेले, साहेब. समुद्रात सोडण्याआधी मी स्वतः त्यांना कॅनव्हासमध्ये शिवलं. आता तिथे माझा धाकटा भाऊ उभा असतो, मिक. त्या तोफेमुळे तो जिवंत आहे आणि तीच तोफ मी त्याच्या हातातून काढून घेऊ?

पेनरोज : तोफ असेल रे, पण जहाज नसेल तर?

क्लॅरी : मला भीती वाटते.

पेनरोज : मलाही वाटते. चौकशी दोघांचीही होईल. घे हे पेन.

क्लॅरी : मिक मला आयुष्यभर शिव्या घालेल.

पेनरोज : घालू दे.

क्लॅरी : ...हं. झाली सही. आजच पोचेल ना?

पेनरोज : तासाभरात बिनतारी संदेश सुटेल.

क्लॅरी : आणि उत्तर?

पेनरोज : उत्तर यायचं नाही. शत्रूला ठावठिकाणा लागू नये म्हणून जहाज फक्त ऐकतं, बोलत नाही.

क्लॅरी : मग त्यांनी ऐकलं की नाही, हे आपल्याला कळणार कधी?

पेनरोज : परत आले की.