येसराचं बटन

आमच्या येसर मसाल्याच्या वेबसाइटची गंमत ऐका. ऐन लग्नसराईत मी पोराला म्हणलं, "हिरवा रंग काढ, लाल लाव." त्यानं रंग बदलला अन् ऑर्डरीच बंद पडल्या.

म्हणे, "माय, दिसणं अन् चालणं एकाच फायलीत गुंतलंय. दोन्हीच्या चुली वेगळ्या कराव्या लागतील."

म्हणलं, कर बाबा. दिसणं सुनेनं घेतलं, चालणं त्यानं. पान लई झकास झालं, पण ऑर्डरचं बटन दाबलं की काहीच होईना.

सून म्हणली, "बटन माझं, त्याच्यामागचं काम ह्यांचं."

पोरगं म्हणलं, "हिनं बटनाचं नाव बदललं, मला सांगितलंच न्हाई! माझं काम जुन्याच नावाला हाका मारतंय."

तिकडं उदगीरची वऱ्हाडं दुसऱ्याच्या येसराची आमटी वरपत होती.

मी दोघांना समोर बसवलं. "चुली वेगळ्या करा म्हणलं होतं. बोलणं बंद करा असं कोण म्हणलं?"