सोबतीला नेलेली

प्रतीक्षा : अवं पण ताई, सिस्टर मलेच भेटायले येऊन राह्यल्या ना? मंग मी शेजारी जाऊन काऊन बसू?

जयमाला : म्हणूनच बस. मोठीले पाहायले पाव्हणे येतात तवा लहानीले घरात ठेवत नाहीत. मावशीच्या रुपालीले पाहायले आले तवा मावशीनं लहानीले दिवसभर आपल्या इथं नव्हतं बसवलं? चिखलीच्या कॉन्व्हेंटातल्या शिबिराच्या आधी मले हे सुचाले पाह्यजे होतं.

प्रतीक्षा : तूच म्हणली, एकटी कशी जाऊ, सोबतीले चल.

जयमाला : सोबतीले! डबा धराले नेलं होतं तुले. सिस्टर व्हायचं मले होतं. घरात जपमाळ मी सांगतो, वेदीवरचे फुलं मी लावतो, अन् तू चर्चात मिस्सा चालू असताना खिडकीतल्या चिमण्या पाहत बसतं!

प्रतीक्षा : मंग मी नाही जात कॉन्व्हेंटात. सांगतो सिस्टरले, ताईले न्या.

जयमाला : वा वं! देवाचं बोलावणं काय नाताळची ओढणी हाय? मले नोको, ताईले द्या?

प्रतीक्षा : मी कोनाले मागलं नव्हतं, ताई. घरी आली, पण मन तिथंच राह्यलं. माहं मलेच समजून नाही राह्यलं.

जयमाला : जिले समजत नाही तिलेच बोलावते तो! मी इतके वर्षं कान लावून बसली, मले एक हाक नाही मारली. जाय आता. पुलापाशी सिस्टरची जीप थांबली, पाह्य.

प्रतीक्षा : जातो. पण सिस्टरशी भांडू नोको.

(प्रतीक्षा मागच्या दारानं शेजारच्या गोजरबाईकडे जाते. थोड्या वेळानं सिस्टर येऊन बसतात.)

सिस्टर : पाणी पुरे, जयमाला. प्रतीक्षा कुठे आहे?

जयमाला : वावरात गेली.

सिस्टर : मी येणार हे माहीत असून?

जयमाला : तिचं असंच हाय. काही भरोसा नाही. ती काय टिकते कॉन्व्हेंटात!

सिस्टर : बरं. मग तू बोल. तुझ्याशीही बोलायचंच होतं.

जयमाला : माह्यात काय कमी हाय, सिस्टर? मी दोनदा कॉन्व्हेंटात येतो म्हणलं, दोन्ही खेपेले मले थांब म्हणल्या. अन् तिले एका शिबिरात पसंत केलं.

सिस्टर : पसंत नाही गं केलं. ती अजून विचार करतेय, आम्हीही करतोय. शिबिरात मी प्रत्येकीला म्हटलं होतं, काही विचारायचं असेल तर विचारा. तू काय म्हणालीस?

जयमाला : मले काहीच विचाराचं नाही म्हणलं. माही तयारी पूर्ण हाय.

सिस्टर : तिनं विचारलं, आईची आठवण आली तर इथे रडायला जागा कुठे आहे?

जयमाला : बाप्पा! असं विचारलं? अन् तुमी हासल्या नाही?

सिस्टर : हसले की. मग तिला गच्चीचा जिना दाखवला. पहिल्या वर्षी मी तिथेच जाऊन बसायचे.

जयमाला : तुमी रडत होत्या?

सिस्टर : पुष्कळ.

जयमाला : मले वाटे, एकदा बोलावणं आलं का रडू येतच नाही.

सिस्टर : तुला मी नाही म्हटलेलं नाही, जयमाला. पण खोटी आशाही लावणार नाही. तुझं काय होणार, मला खरंच माहीत नाही.

जयमाला : सिस्टर, ती वावरात नाही. गोजरबाईकडे हाय. मीच धाडली. लय जळतो मी तिच्यावर. सकाळी तिची वेणी घालताना वाटलं, जोरानं ओढावी.

सिस्टर : ओढलीस?

जयमाला : हाव. तिनं नुसती रिबीन पुढं केली, त्याचाबी राग आला.

सिस्टर : जा, बोलावून आण तिला.

जयमाला : आणतो. पण आधी मले सांगा. तुमच्या तिथं जिना हाय. आमची ही एकच खोली. ती गेल्यावर आईच्या समोर मी कुठं रडू?