आरशावरची चादर

—नाही हो काका, आरसा फुटलेला नाही, रंगकामही चाललेलं नाही, चादर मीच लावलीय. येणारा प्रत्येक जण हेच विचारतो. बसा तुम्ही बिनधास्त. आरसा गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी असतो, माझा हात बसलेला आहे. मान जरा मागे — अशी. पाणी गार आहे, आधीच सांगतो. काल एक कॉलेजातला आला होता, कापून अर्धं झालं तसा उठला, म्हणाला, मला दिसत नाही तोवर पुढे कात्री लावायची नाही — गेला तसाच, एका बाजूने दाट, एका बाजूने विरळ. जाऊ दे. तुम्ही तसले वाटत नाही. घाई नाही ना? मलाही नाही. म्हणजे चार वाजता एके ठिकाणी बोलावलंय, पण मी काही जाणार नाही, तेव्हा घाई कसली?

कुठे म्हणजे — मुलीच्या शाळेत. आमची चिमी. तिसरीत आहे. अभ्यासात — कसं सांगू — बोलायला लागली की तुम्हाला मला गुंडाळून ठेवेल, पण पुस्तक समोर आलं की पोट दुखतं, पाणी प्यायचं असतं, पेन्सिलच सापडत नाही. फेस डोळ्यात नाही ना गेला? सगळं करून झालं हो. शिकवणी लावली — तो मास्तर पट्टीने टेबल बडवायचा, पोरगी त्याची चप्पल दारात दिसली की पलंगाखाली. डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं, तो म्हणाला डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत. माझी बहीण म्हणाली, लाडावून ठेवलीय, दुसरं काही नाही — तिला काय जातंय बोलायला! आणि पोरीची हुशारी ऐका. धडा वाच म्हटलं की घडाघडा वाचायची. आम्ही खूश. एके दिवशी दोन पानं एकदम उलटली गेली, तरी हिचं वाचन तिथूनच पुढे चालू! अख्खा धडा पाठ केला होता मैत्रिणीकडून ऐकून. बायको रडायला लागली. मला मात्र आतून कौतुकच वाटलं — एवढं डोकं! फक्त कच्ची आहे अजून, पान कधी उलटायचं ते शेजारच्याकडे तिरक्या नजरेने बघून ठरवायचं असतं, तेवढं तिला — काही नाही. मान वर. बोलू नका, वस्तरा गळ्याशी आहे.

तर आरसा. पोरगी अक्षरं उलटी काढते, ती का, ते मीच शोधून काढलं. कुणा डॉक्टर-मास्तराच्या ध्यानात आलं नाही. ही पोरगी रांगायला लागल्यापासून या दुकानात. बायको औषधांच्या दुकानात कामाला, मग ही माझ्याकडे, त्या बाकड्यावर. समोर हा भिंतभर आरसा. घड्याळ बघायची तर आरशातलं. दाराच्या काचेवरचं नाव वाचायचं तर आतून, उलटं. मग अक्षरं उलटी काढणार नाही तर काय करणार? सरळ कधी बघितलंय कुठे बिचारीने? कळल्या कळल्या घरातली जुनी चादर आणली आणि खिळे ठोकले. बायकोने कपाळावर हात मारून घेतला. मारू दे.

फरक? पडेल ना. लगेच कसा पडेल? महिनाच तर झाला. परवा शुद्धलेखन झालं — तसं म्हणाल तर — आहे तसंच आहे. ब्लेड बदलतो थांबा, हे खरवडतंय.

आता शाळेचं नवीन निघालंय. एक बाई येतात म्हणे, वाचनालयाशेजारच्या खोलीत बसतात, अशा मुलांना वेगळ्या रीतीने शिकवतात. ओल्या मातीची अक्षरं करायची, त्यावरून बोट फिरवायचं, मोठ्याने म्हणायचं. जागा एकच उरलीय, आईबाप दोघांनी आज चार वाजता येऊन हो म्हणायचं, नाहीतर दुसऱ्या मुलाला. बायको गेलीसुद्धा, फाटकाशी उभी असेल. ती म्हणते, तुझी चादर पुरे झाली. मी म्हणतो, त्या खोलीत जाणाऱ्या पोरांना बाकीची पोरं काय म्हणतात ठाऊक आहे का तुला? एकदा ढ म्हणून शिक्का बसला की — तो घासून जात नाही, काका. मिशा ठेवल्या, दुकान काढलं, तरी जात नाही.

आणि त्या बाईंनी फोनवर विचारलं काय, तर म्हणे घरात आणखी कुणाला असा त्रास होता का? तुम्हीच सांगा, काय संबंध? पोरीचं बघा ना तुम्ही, खानदान कशाला उकरता? त्या दिवशी चिमी मला म्हणाली, बाबा, अक्षरं पळत नाहीत, पण मी बघायला गेले की जागेवर थांबतही नाहीत. बायकोला काही केल्या कळेना. मला लगेच कळलं. — कसं कळलं म्हणजे? बाप आहे मी तिचा.

काय म्हणालात? हलू नका. मी पण दुकानातच वाढलो का? छे! आमचे वडील गवंडी. आमच्या घरात तर आरसाच नव्हता हो. आई खिडकीच्या काचेत बघून केस विंचरायची. मी धड आरसा पाहिला तो एका सलूनात कामाला लागल्यावर, मिसरूड फुटलं तेव्हा. आणि माझी अक्षरं तर त्याच्या कितीतरी आधीपासून उलटी—

…

नाही. काही झालं नाही. बसा.

आरसाच असणार हो. आरसाच असायला हवा. आरसा असला की चादर टाकून भागतं. नसला तर मग — मग ते माझ्याकडून आलं तिच्यात. बरोबर? बोला ना! आता वस्तरा नाहीये गळ्याशी.

ती तिथे मातीत बोट फिरवणार, एकटी, आपल्यासारखं जगात कुणीच नाही असं समजून. मला वाटायचं तसंच. आणि तिचा बाप इथे भिंतीवर चादरी ठोकतोय.

हे टोक धरा. धरा हो! ओढा. खिळे पडू देत. — बघा, अशी झालीय दाढी, अर्धीच. घड्याळात किती वाजले? आरशात नका बघू, मागे वळून सरळ बघा. पावणेचार? मग पळत गेलं तर पोचतो. त्या बाई पुन्हा विचारणार, घरात आणखी कुणाला होतं का — तेव्हा समोर तो माणूस नको का? उठा, काका. टॉवेल राहू दे तुमच्याकडे, फेस पुसत घरी जा. दुसरा गाल उद्या. उठा म्हणतो ना, दुकान बंद!